तरंगांचा अभ्यासक : चंद्रशेखर वेंकट रामन

वारा पडलेला असावा आणि जालन्याच्या मोती तलावाचे पाणी आरशासारखे निश्चल असावे. अशा वेळी पाण्यात एक खडा टाकून पाहावा. खडा पडतो तेथून वर्तुळे उमटतात आणि मोठी मोठी होत काठाला येऊन भिडतात. पाहणाऱ्याला वाटते, तलावाच्या मध्यावरचे पाणीच काठाकडे धावत आले. परंतु त्या वर्तुळांच्या वाटेत एखादे वाळलेले पान तरंगत असेल, तर त्याच्याकडे लक्ष द्यावे. ते पान काठाकडे वाहत येत नाही. ते जागच्या जागी वरखाली होते, किंचित मागेपुढे झुलते आणि वर्तुळ पुढे निघून गेले की पुन्हा स्थिर होते. पाणी आपली जागा सोडीत नाही. पुढे जाते ते त्याचे हेलकावणे. या पुढे सरकणाऱ्या हेलकाव्यालाच तरंग म्हणतात. तंबोऱ्याची तार छेडली असता कानी पडणारा स्वर हा तरंगच असतो आणि सूर्याकडून येणारा प्रकाश हाही तरंगच. तारेच्या तरंगापासून प्रकाशाच्या तरंगापर्यंत आयुष्यभर ज्यांनी माग काढला, त्या चंद्रशेखर वेंकट रामन यांचे हे चरित्र आहे.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्लीजवळच्या तिरुवनैकावल या गावी झाला. वडील चंद्रशेखर अय्यर हे गणित व पदार्थविज्ञान शिकवीत. रामन चार वर्षांचे असताना वडिलांना विशाखापट्टणच्या महाविद्यालयात अध्यापकाची जागा मिळाली आणि सारे कुटुंब समुद्रकाठच्या त्या गावी राहावयास गेले. घरात पैसा बेताचाच होता. परंतु दोन गोष्टींना तोटा नव्हता. एक म्हणजे पुस्तके आणि दुसरी संगीत. वडिलांचे व्हायोलिन घरात नित्य वाजत असे. जो मुलगा लहानपणी तारेचा स्वर ऐकत वाढला, त्याने पुढे त्या स्वराचे गणित मांडावे, यात नवल नाही.

हा मुलगा बुद्धीने असामान्य होता. अकराव्या वर्षी तो मॅट्रिक झाला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९०४ साली त्याने बी. ए. ची परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण केली आणि पदार्थविज्ञानाचे सुवर्णपदक मिळविले. एम. ए. चा अभ्यास चालू असताना प्रयोगशाळेत प्रकाशाचा एक प्रयोग करताना त्याला काही चमत्कारिक पट्टे दिसले. बांधाला लहानसे खिंडार पडले असता पलीकडच्या लाटा त्यातून सरळ रेषेत न जाता अलीकडे पंख्यासारख्या पसरतात. प्रकाशही अरुंद फटीतून जाताना असाच पसरतो व पडद्यावर उजेडाचे आणि अंधाराचे पट्टे उमटतात. यास विवर्तन म्हणतात. हे पट्टे दोन्ही बाजूंना सारखे असावयाचे. परंतु रामन यांना दिसलेले पट्टे सारखे नव्हते. दुसऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने उपकरणाचा दोष म्हणून ते सोडून दिले असते. रामन यांनी कारण शोधून काढले, निबंध लिहिला आणि तो लंडनच्या एका नामांकित शास्त्रीय मासिकाकडे पाठवून दिला. १९०६ च्या नोव्हेंबरात तो छापून आला. लेखकाचे वय तेव्हा अठरा वर्षांचे होते.

१९०७ साली रामन एम. ए. झाले, तोही पहिल्या प्रतीचे यश मिळवून. आता पुढे काय करावयाचे? त्या काळी हिंदुस्थानात शास्त्रसंशोधन करून पोट भरण्याची सोय जवळजवळ नव्हतीच. विलायतेस जावे, तर प्रकृती नाजूक म्हणून डॉक्टरांनी मना केली होती. तेव्हा सरकारी नोकरीवाचून गत्यंतर नव्हते. रामन हिशेब खात्याच्या परीक्षेस बसले व तीतही पहिले आले. त्याच वर्षी लोकसुंदरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि एकोणिसावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच ते मोठ्या हुद्द्याचे अधिकारी म्हणून कलकत्त्यास रुजू झाले.

येथेच हे चरित्र संपावयाचे. चांगला पगार, बंगला, नोकरचाकर, पुढे बढती व अखेरीस निवृत्तिवेतन. त्या काळच्या कित्येक हुशार तरुणांची कथा अशीच संपलेली आहे. परंतु एके दिवशी ट्रॅमगाडीतून जाताना बहूबाजार रस्त्यावरील एका इमारतीची पाटी रामन यांच्या दृष्टीस पडली. ती पाटी होती विज्ञानाच्या संवर्धनासाठी स्थापन झालेल्या भारतीय संस्थेची. डॉक्टर महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली लोकांकडून वर्गण्या गोळा करून ही संस्था उभारली होती. हिंदी माणसांनी स्वतःच्या बळावर संशोधन करावे, ही त्यांची तळमळ. त्यांनी व्याख्याने करविली, उपकरणे आणविली. पण संशोधन करणारे कोणी पुढे आले नाही. १९०४ साली ते निवर्तले, तेव्हा प्रयोगशाळा ओसच पडलेली होती. रामन गाडीतून उतरले, आत गेले आणि काम करण्याची परवानगी त्यांनी मागितली. ती अर्थातच आनंदाने मिळाली. तीस वर्षे ज्याची वाट पाहिली, तो माणूस त्या दिवशी दारात येऊन उभा राहिला होता.

तेव्हापासून रामन यांचा दिनक्रम ठरून गेला. पहाटे साडेपाचला ते प्रयोगशाळेत जात. पावणेदहाला घरी येऊन घाईघाईने स्नान व जेवण उरकीत आणि कचेरी गाठीत. सायंकाळी पाचला कचेरी सुटली की परस्पर पुन्हा प्रयोगशाळा. घरी परतण्यास रात्रीचे साडेनऊ-दहा वाजत. रविवार तर सगळाच तेथे जाई. कचेरीचे काम त्यांनी कधी कुचराईने केले नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. त्यांचे वरिष्ठ त्यांच्यावर प्रसन्न असत. दिवसा सरकारचा हिशेब आणि पहाटे व रात्री तरंगांचा हिशेब, अशी दहा वर्षे गेली.

तरंगांचा हिशेब म्हणजे काय? एक दोरी घ्या, तिचे एक टोक खुंटीला बांधा आणि दुसरे टोक हातात धरून वरखाली झटका. दोरीवरून एक वळसा धावत जाईल. वळशाच्या सर्वांत उंच भागास शीर्ष व सर्वांत खोल भागास दरी म्हणतात. दोरी आपल्या स्थिर जागेपासून जितकी वर किंवा खाली जाते, तितका त्या तरंगाचा आयाम. एका शीर्षापासून लगतच्या शीर्षापर्यंतचे अंतर ही तरंगलांबी आणि एका सेकंदात होणाऱ्या पूर्ण हेलकाव्यांची संख्या ही वारंवारता. तरंगलांबीला वारंवारतेने गुणले की तरंगाचा वेग मिळतो. दोरीवरचा तरंग दोरीच्या लांबीच्या दिशेने धावतो, पण दोरीचा प्रत्येक कण मात्र त्या दिशेला आडवा हलतो. अशा तरंगास अवतरंग असे नाव आहे.

हवेतून जाणाऱ्या ध्वनीची तऱ्हा निराळी. जालन्याच्या स्थानकावर एखाद्या उभ्या मालगाडीला इंजीन येऊन लागते, तेव्हा काय होते, ते पाहिले आहे काय? पहिला डबा दुसऱ्यावर आदळतो, दुसरा तिसऱ्यावर, आणि तो धक्का खडखडत शेवटच्या डब्यापर्यंत जातो. डबे मात्र वीतभरच मागेपुढे होतात. हवेचे कणही असेच तरंगाच्या दिशेतच मागेपुढे हलतात. कोठे त्यांची दाटी होते, त्यास संपीडन म्हणतात. कोठे ते विरळ होतात, त्यास विरलन म्हणतात. हा अनुतरंग होय. साधारण हवेत तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो. ज्या स्वराची वारंवारता २४० आहे, त्याची तरंगलांबी त्यामुळे सुमारे १.४ मीटर भरते. वरच्या सप्तकातील तोच स्वर घेतला, तर वारंवारता दुप्पट म्हणजे ४८० होते व तरंगलांबी निम्मी होते. स्वर जोराने लावला तर आयाम वाढतो आणि आवाज मोठा होतो. पण स्वर तोच राहतो.

दोन्ही टोके आवळलेल्या तारेवर तर आणखी एक मौज घडते. तरंग टोकाशी जाऊन परत फिरतो. जाणारा व येणारा तरंग एकमेकांत मिसळतात आणि तारेवर काही ठिकाणे अशी तयार होतात की, ती मुळीच हलत नाहीत. त्यांना निस्पंद म्हणतात. दोन निस्पंदांच्या मध्ये तार सर्वांत अधिक हलते. संपूर्ण तार एकसंध हलली तर मूळ स्वर निघतो; तीच तार दोन, तीन, चार भागांत विभागून हलली, तर दुपटीचे, तिपटीचे, चौपटीचे स्वर निघतात. तारेतून हे सारे स्वर एकदमच निघत असतात आणि त्यांच्या कमीअधिक प्रमाणावरूनच आपला कान तंबोरा कोणता व व्हायोलिन कोणते, हे ओळखतो.

रामन यांनी प्रथम याच विषयाला हात घातला. १९०९ साली त्यांनी एकताऱ्यावर निबंध लिहिला. भिक्षेकऱ्याच्या हातातील ते गरिबाघरचे वाद्य. त्यावर शास्त्रीय निबंध लिहावा, हे कोणाला सुचले असते? बंगालमधील बाउल गायकांच्या एकताऱ्यात तार कातड्याच्या मधोमध ओवलेली असते. तार डावीकडे जाते तेव्हा ताणली जाते व उजवीकडे जाते तेव्हाही ताणली जाते. म्हणजे तारेच्या एका हेलकाव्यात कातड्याला दोनदा ओढ बसते. एवढ्याशा वाद्यात केवढे गणित भरलेले आहे!

या सुमारास त्यांच्या बदल्या झाल्या. १९०९ साली रंगून व १९१० साली नागपूर. नागपूर तेव्हा मध्यप्रांताची राजधानी होते. तेथे ना ती प्रयोगशाळा, ना ते सोबती. रामन यांनी राहत्या घरातच प्रयोग मांडले आणि कचेरीच्या वेळेबाहेर ते चालू ठेवले. १९११ साली ते पुन्हा कलकत्त्यास आले, ते आपल्या बहूबाजारातील संस्थेचे दार पुन्हा ठोठावण्यासाठीच जणू.

पुढील काळात तारेवर गज फिरविला असता ती कशी हलते, याचा त्यांनी मुळापर्यंत छडा लावला. माणसाचा हात गज कधी जोराने ओढतो, कधी हळू. म्हणून गजाचा वेग व दाब एकसारखा राहावा यासाठी त्यांनी व्हायोलिन वाजविणारे एक यंत्रच तयार केले. आपल्या देशी वाद्यांकडे तर ते विशेष प्रेमाने पाहत. तंबोऱ्याची घोडी पाश्चात्त्य वाद्याच्या घोडीसारखी धारदार नसते. ती रुंद व किंचित फुगीर असते आणि तिच्यावर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावतात. मिरजेचे कारागीर पिढ्यान् पिढ्या हे काम करीत आलेले आहेत. जवारी लागली की स्वर खुलतो, हे गवयांना ठाऊक होते; पण तो का खुलतो? तार हलताना त्या फुगीर घोडीला घासून जाते व त्यामुळे तिचे वरचे स्वर सतत जागे राहतात. तार ज्या ठिकाणी छेडावी, तेथे निस्पंद असणारे स्वर निघू नयेत, असा पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचा जुना नियम होता. तंबोरा व वीणा हा नियम पाळीत नाहीत, असे रामन यांनी दाखवून दिले.

तबल्याच्या व मृदंगाच्या शाईचेही तसेच. नुसत्या ताणलेल्या कातड्यावर थाप मारली तर जे निरनिराळे स्वर निघतात, ते एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून साध्या ढोलाचा नाद निघतो, सूर निघत नाही. कातड्याच्या मध्यावर काळ्या शाईचा थर चढविला म्हणजे तेच स्वर दुपटी-तिपटीच्या मेळात येतात आणि तबला सुरात बोलू लागतो. रामन यांनी कातड्यावर बारीक वाळू पसरली. थाप पडली की वाळू हलत्या भागावरून उडून न हलणाऱ्या रेषांवर जाऊन बसे, आणि तरंग कसे चालले आहेत, हे डोळ्यांना दिसे. ज्या अनामिक कारागिरांनी ही शाई शोधून काढली, त्यांच्या कानाची करावी तेवढी प्रशंसा थोडीच.

१९१७ साली रामन यांच्या आयुष्यातील कसोटीचा क्षण आला. कलकत्ता विद्यापीठाचे धुरीण सर आशुतोष मुखर्जी यांनी त्यांना पदार्थविज्ञानाच्या पालित प्राध्यापकाची जागा देऊ केली. परंतु पगार सरकारी नोकरीच्या जवळजवळ निम्मा होता. सरकारी नोकरीत ते अल्पावधीत खूप वर चढणार, हे उघड दिसत होते. घरी पत्नी होती, संसार होता. शिवाय, अर्धा पगार पत्करून मास्तरकी करणाऱ्याला शहाणा म्हणण्याची आपल्या समाजात रीत नाही. रामन यांनी नोकरीचा राजीनामा दिला. लोकसुंदरींनी त्याविरुद्ध कुरकुर केली नाही, ही गोष्टही लहान नव्हे.

चार वर्षांनी, १९२१ साली, विद्यापीठाचे प्रतिनिधी म्हणून ते प्रथमच विलायतेस गेले. लंडनच्या सेंट पॉल मंदिराच्या घुमटाखाली एक गोल सज्जा आहे. तेथे भिंतीशी तोंड लावून कुजबुजले, तर पलीकडे भिंतीशी कान लावलेल्यास ते ऐकू येते. विजापूरचा गोलघुमट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हा चमत्कार नवा नाही. ध्वनीचे तरंग वाकड्या भिंतीला चिकटून सरपटत जातात, म्हणून असे होते. हे स्पष्टीकरण लॉर्ड रॅले या थोर इंग्रज शास्त्रज्ञाने दिले होते. रामन यांनी तेथेही प्रयोग केले. भिंतीपासून दूर सरकत गेले असता आवाज एकसारखा मंद होत नाही, तो आळीपाळीने वाढतो व घटतो, असे त्यांना आढळले. प्रवासास आलेला माणूस मंदिर पाहतो. रामन यांनी तेथे तरंग पाहिले.

परतीचा प्रवास ‘नारकुंडा’ नावाच्या आगबोटीने होता. भूमध्य समुद्राचे गडद निळे पाणी पाहून रामन तासन् तास कठड्याशी उभे राहत. समुद्र निळा का? याचेही उत्तर लॉर्ड रॅले यांनी देऊन ठेवले होते. आकाश निळे आहे आणि त्याचे प्रतिबिंब पाण्यात पडते, एवढेच. रॅले हे या विषयातील सर्वांत मोठे अधिकारी. आकाशाच्या निळेपणाचे कोडे त्यांनीच सोडविले होते. प्रकाशाच्या तरंगांत तांबड्याची तरंगलांबी मोठी, म्हणजे एका मिलिमीटरचा सुमारे चौदाशेवा भाग, तर जांभळ्याची लहान, सुमारे पंचविसशेवा भाग. हवेचे सूक्ष्म रेणू लहान तरंगांना अधिक विखरून टाकतात. म्हणून आकाश निळे दिसते. हे रामन यांना मान्यच होते. समुद्राविषयीचे उत्तर मात्र त्यांना पटेना. प्रयोग करून पाहिल्यावाचून ते मान्य करावयाचे नाही, असे त्यांनी ठरविले.

त्यांच्या खिशात एक लहानसा निकोलचा लोलक होता. उभ्या गजांच्या कुंपणातून एक दोरी ओवून ती वरखाली झटकली, तर तरंग पलीकडे जातो. आडवी हलविली, तर तो गजाशी अडतो. निकोलचा लोलक प्रकाशाच्या बाबतीत हेच करतो. एका दिशेत हलणारे तरंग तो जाऊ देतो, इतर अडवितो. प्रकाश असा अडविता येतो, यावरूनच तो अवतरंग आहे, हे सिद्ध होते. ध्वनीसारख्या अनुतरंगाला असे कुंपण घालता येत नाही. आता, पाण्याच्या पृष्ठभागावरून एका विशिष्ट तिरकस कोनात परतणारा प्रकाश मुख्यतः आडव्या दिशेत हलणारा असतो. रामन यांनी त्या कोनात समुद्राकडे पाहिले आणि लोलक फिरवून तो परतणारा प्रकाश अडविला. आकाशाचे प्रतिबिंब नाहीसे झाले. रॅले यांचे म्हणणे खरे असते, तर समुद्र त्या क्षणी निस्तेज दिसावयास हवा होता. तो अधिकच निळा दिसला!

निळेपणा आकाशाकडून उसना आणलेला नव्हता. तो पाण्याच्या पोटातूनच येत होता. पाण्याचे रेणूही प्रकाश विखुरतात, हे रामन यांनी ओळखले. पाणी तांबडा प्रकाश शोषून घेते, हे समुद्राच्या निळाईचे मोठे कारण असल्याचे आज आपणांस माहीत आहे. उरलेला निळा प्रकाश आपल्या डोळ्यांकडे परत पाठविण्याचे काम विखुरण्याने होते. रामन यांनी आगबोटीवरच आपले टिपण लिहिले. १९२१ च्या सप्टेंबरात बोट मुंबई बंदरात लागली आणि तेथून ते टिपण ‘नेचर’ या इंग्रजी साप्ताहिकाकडे रवाना झाले. जगाने ज्या शोधासाठी पुढे रामन यांना गौरविले, त्याचा उगम त्या टिपणात आहे.

कलकत्त्यास परतल्यावर त्यांनी आपल्या शिष्यांना याच कामास जुंपले. पाणी, मद्यार्क, ग्लिसरीन, बर्फ, जे मिळेल त्यातून प्रकाश सोडावयाचा आणि बाजूने विखुरलेला प्रकाश तपासावयाचा. १९२३ साली के. आर. रामनाथन या शिष्याला एक विचित्र गोष्ट आढळली. विखुरलेल्या प्रकाशात मुळात नसलेल्या रंगाची एक अतिशय पुसट छटा होती. द्रव अशुद्ध असेल म्हणून तो पुन्हा पुन्हा शुद्ध करून पाहिला. छटा गेली नाही. पाच वर्षे ती पुसट छटा प्रयोगशाळेत सर्वांना छळत राहिली. ग्लिसरीनमध्ये ती हिरवट दिसते, असे वेंकटेश्वरन या दुसऱ्या शिष्याने दाखविले. मग रामन यांनी के. एस. कृष्णन या आपल्या सर्वांत कुशल शिष्याला सर्व कामे बाजूस ठेवून याच्याच मागे लागण्यास सांगितले.

उपकरणे साधीच होती. सूर्यप्रकाश एकत्र करण्यासाठी सात इंची दुर्बीण; त्यापुढे केवळ जांभळा प्रकाश जाऊ देणारी काच; मग द्रवाची कुपी; आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जांभळा प्रकाश पूर्णपणे अडविणारी पिवळट हिरवी काच. द्रव केवळ जांभळाच प्रकाश विखुरीत असेल, तर या दुसऱ्या काचेतून काहीही दिसता कामा नये. पण मंद उजेड दिसत होता. एकामागून एक अनेक द्रव तपासले. सर्वांत तोच प्रकार. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी रामन यांनी वर्णपटदर्शकातून पाहिले, तेव्हा मूळ रंगाच्या शेजारी मध्ये काळोखाची पट्टी सोडून एक नवा रंग स्पष्ट दिसला. पुढे पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याचा प्रखर प्रकाश वापरला, तेव्हा तर नव्या रेषा रेखीवपणे उमटल्या.

याचा अर्थ असा की, विखुरताना प्रकाशाची वारंवारता बदलते. रेणू म्हणजे निर्जीव खडा नव्हे. तोही तारेसारखा आपल्या ठरावीक वारंवारतेने कंप पावत असतो. प्रकाश त्याच्यावर आदळतो, तेव्हा क्वचित् थोडी ऊर्जा रेणूपाशी राहते आणि बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची वारंवारता तेवढी घटते. त्याचा रंग तांबड्याकडे झुकतो. कधी कधी रेणूच आपली ऊर्जा देतो व रंग जांभळ्याकडे झुकतो. प्रत्येक पदार्थाच्या रेणूची कंपने निराळी, म्हणून प्रत्येकाच्या नव्या रेषाही निराळ्या. डोळे मिटूनही आवाजावरून तबला व मृदंग ओळखता यावेत, तसे या रेषांवरून पदार्थ ओळखता येतात. एकताऱ्यापाशी सुरू झालेला शोध रेणूच्या कंपनांपाशी येऊन पोहोचला होता. या शोधाला रामन परिणाम असे नाव मिळाले. त्याच सुमारास मॉस्कोमधील लांड्सबर्ग व मांदेलश्ताम या शास्त्रज्ञांनाही स्फटिकांत हेच आढळले होते. परंतु रामन यांचा निबंध आधी प्रसिद्ध झाला. कृष्णन यांचा या शोधातील वाटाही मोठा आहे आणि तो विसरता कामा नये.

१९३० साली रामन यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. विज्ञानाचे हे पारितोषिक मिळविणारे ते आशिया खंडातील पहिले शास्त्रज्ञ. त्यांचे शिष्यही पुढे नावारूपास आले. वायूंतील रामन परिणामाचा अभ्यास करणारे एल. ए. रामदास पुण्याच्या हवामान खात्यात आले व जमिनीलगतच्या हवेचा आणि पिकांचा संबंध त्यांनी अभ्यासिला.

१९३३ साली रामन बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले. त्यांचा स्वभाव तापट होता व आपले तेच खरे करण्याची वृत्तीही त्यांच्यात होती. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेत पहिल्या आलेल्या कमला भागवत या विद्यार्थिनीने संस्थेत प्रवेश मागितला, तेव्हा केवळ स्त्री म्हणून रामन यांनी तिला नकार दिला. रॅले यांचे मत तपासल्यावाचून न मानणारे रामन येथे मात्र जुन्या समजुतीला चिकटून राहिले. कमलाबाई हटल्या नाहीत. वर्षभर काम पाहू, अशा अटीवर त्यांना प्रवेश मिळाला आणि त्या वर्षात त्यांनी जे काम केले, ते पाहून रामन यांनी आपला हट्ट सोडला व पुढे मुलींना संस्थेत प्रवेश दिला. त्याच कमलाबाई सोहोनी यांनी १९३९ साली केंब्रिज विद्यापीठाची पीएच. डी. मिळविली.

बंगलोर येथेच १९३५ व १९३६ या साली रामन आणि नागेंद्र नाथ यांनी एका सुंदर प्रश्नाचा उलगडा केला. कानाला ऐकू न येणाऱ्या अतिशय उच्च वारंवारतेचा ध्वनी द्रवातून सोडला आणि त्याला आडवा प्रकाशाचा किरण पाठविला, तर त्या किरणाचे अनेक किरण होतात. ध्वनी हा अनुतरंग. त्याच्या दाटी व विरळपणाचे थर द्रवात जाळीसारखे उभे राहतात आणि प्रकाश हा अवतरंग त्या जाळीतून जाताना पसरतो. अठराव्या वर्षी अभ्यासिलेले प्रकाशाचे पट्टे आणि तारुण्यात अभ्यासिलेला ध्वनी, दोन्ही या एकाच प्रयोगात भेटले.

स्वतंत्र भारतात रामन यांनी बंगलोर येथे स्वतःची संशोधनसंस्था उभारली. १९५४ साली त्यांना भारतरत्न हा सन्मान मिळाला. २८ फेब्रुवारी हा दिवस आपल्या देशात १९८७ पासून राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. रामन परिणामाचा उपयोग आज रत्नांची पारख करण्यास, औषधांची शुद्धता तपासण्यास होतो. इतकेच नव्हे, तर २०२१ साली मंगळावर उतरलेल्या ‘पर्सिव्हिअरन्स’ या यानानेही तेथील खडक तपासण्यासाठी या परिणामावर चालणारी उपकरणे नेली आहेत.

उतारवयात रामन फुलांचे रंग, रत्नांची चमक आणि माणसाची दृष्टी यांच्या अभ्यासात रमले होते. संस्थेच्या आवारात त्यांनी पुष्कळ झाडे लावली होती. २१ नोव्हेंबर १९७० रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे संस्थेच्या बागेतच त्यांच्यावर अग्निसंस्कार झाला. त्या जागी समाधी बांधलेली नाही. एक झाड लावलेले आहे.